शेलशॉक आणि कविता

'कवितेने जखमा भरतात' असं हल्ली फार ऐकू येतं. वाक्य छानच आहे, पण सैनिकांच्या बाबतीत कुणी ते वापरलं की मी जरा बिचकतो. कारण या वाक्याचं जे सगळ्यात गाजलेलं उदाहरण आहे, ते नीट बघितलं तर तितकं गोड नाही.

पहिल्या महायुद्धात एडिंबराजवळ क्रेगलॉकहार्ट नावाचं लष्करी रुग्णालय होतं. शेलशॉक झालेले अधिकारी तिथे ठेवत. (फक्त अधिकारी बरं का! साध्या शिपायांचं नशीब वेगळं.) हातापायांना कंप, तोतरेपणा, रात्री किंचाळत उठणं... विल्फ्रेड ओवेन जून १९१७ मध्ये तिथे आला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. तोफगोळ्याच्या स्फोटाने उडून पडला होता आणि नंतर कित्येक दिवस एका सहकाऱ्याच्या अवशेषांशेजारी पडून राहिला होता.

त्याच्या डॉक्टरांचा, म्हणजे आर्थर ब्रॉक यांचा, भर कामावर. जगाशी तुटलेला धागा कामातूनच जोडायचा! त्यांच्याच उत्तेजनाने ओवेन रुग्णालयाच्या 'हायड्रा' या नियतकालिकाचा संपादक झाला. ऑगस्टमध्ये तिथे त्याला सीगफ्रीड ससून भेटला. ससून खरंच आजारी होता का, हा वादाचाच विषय. युद्ध मुद्दाम लांबवलं जातंय असं त्याने जाहीर लिहिलं होतं. कोर्टमार्शल टळावं म्हणून मित्र रॉबर्ट ग्रेव्हज याने खटपट करून त्याला वैद्यकीय मंडळापुढे उभं केलं. ससूनने ओवेनचे मसुदे वाचले, शब्द बदलून सुचवले. ससूनचे डॉक्टर रिव्हर्स. १९०१-०२ मध्ये आपल्या निलगिरीत तोडा लोकांमध्ये राहून त्यांचा अभ्यास केलेला हा माणूस. 'विसरून जा' हा सल्ला रुग्णाचं नुकसान करतो, असं त्यांनी १९१८ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. त्याच सुमारास लंडनमध्ये वाचा गेलेल्या शिपायांच्या घशाला विजेचे झटके देणारे डॉक्टरही होते!

तर ओवेन बरा झाला. बरा झाला म्हणजे काय, तर परत लढायला पाठवण्याजोगा. ४ नोव्हेंबर १९१८ ला एक कालवा ओलांडताना तो मारला गेला. आठवड्याभराने युद्ध थांबलं आणि त्याच दिवशी घरी तार पोचली. आयव्हर गर्नी हा दुसरा सैनिक-कवी. (त्याचा आजार थोडा आधीपासूनचा होता, सगळं खापर युद्धावर नको.) १९२२ पासून मनोरुग्णालयात. तिथे त्याने ढिगाने कविता लिहिल्या, पण १९३७ मध्ये मरेपर्यंत तिथून सुटला नाही.

म्हणून मला कविता हे औषध वाटत नाही. ओवेनला मिळालं ते वेगळंच काही. भीती वाटली असं म्हणायची मुभा आणि ते मन लावून वाचणारा माणूस. ही चैन किती जणांना मिळाली? त्याच युद्धात कूत-अल-अमाराच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ ला तिथे शरणागती झाली. फ्रान्समध्ये लढलेल्या आपल्या कित्येक शिपायांना लिहिता येत नव्हतं. पत्र दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं, ते सेन्सॉर वाचणार, आणि गावी कुणीतरी चारचौघांत वाचून दाखवणार. त्यात कोण सांगणार, की मला रात्री झोप येत नाही म्हणून?

आपल्याकडे आजही सैनिकाकडून वीररसच हवा असतो. आमच्या नात्यातले एक मामा १९७१ च्या लढाईत होते (घरचे ओळखतीलच). त्यांना विचारलं की ते लंगरमधल्या जेवणाचे, एका खेचराचे किस्से सांगायचे. त्यापुढे कधी गेले नाहीत, आणि आम्हीही नेलं नाही. १५ ऑगस्टला गावच्या शाळेत भाषणाला बोलावत, तेव्हा पोरं हमखास विचारत, "किती मारले?" मामा हसून विषय बदलत. त्या रात्री, मामी सांगायची, ते अंगणात फेऱ्या मारत बसायचे.