एकट्याचा ठेका, मेळाची लय



भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या सीमेवरील तालुक्यांत मराठी भजन नवे नाही. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत त्या त्या लोकांच्या संगीतपरंपरेस योग्य स्थान देण्यास सांगितले आणि ढोलकी, तबला, झांज यांची ख्रिस्तमंदिराकडील वाट मोकळी झाली. परंतु घरी उत्तम वाजविणारा तरुण गायकवृंदात बसला की पुष्कळदा त्याची लय सुटते. असे का व्हावे?

एकटे वाजविताना लय आपल्या सोयीने चालते. अवघड बोल आला की हात नकळत संथावतो, सोपा आला की धावतो. अडविणारे कोणी नसल्यामुळे हा दोष कानास जाणवत नाही. मेळात मात्र तो सर्वांच्या वाट्यास येतो. ढोलकी धावू लागली की प्रथम वृद्धांचा श्वास अपुरा पडतो, मग मुलांचे शब्द तुटतात. अखेरीस सारी मंडळी गप्प राहून चौघांचे गाणे ऐकत बसते. उपासनेतील सामुदायिक गायन ते तेथेच संपते.

यासाठी वाद्य हाती घेण्यापूर्वी केरव्याच्या ८ मात्रा तोंडाने मोजाव्यात. पहिलीवर टाळी, पाचवीवर खाली. सेकंदकाट्याच्या प्रत्येक ठोक्यास एक मात्रा, अशी ५ मिनिटे न ढळता चालली, म्हणजे एका गायकाची साथ करावी. मेळात त्यानंतर बसावे. तेथे लय धरण्याचे काम एकाकडेच असावे व इतरांनी त्याच्या हाताकडे पाहावे. तुकडे आणि तिहाया आवराव्यात. हात चुकलाच, तर चाचपडत न राहता थांबावे आणि पुढील समेवर मिळून घ्यावे.

बसण्याची जागाही महत्त्वाची आहे. ध्वनी सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे १७ मीटर दूर बसलेल्या गायकास थाप सेकंदाच्या विसाव्या भागाइतकी उशिरा ऐकू येते. द्रुत लयीत एवढेही अंतर बाधते. वारकरी दिंडीत मृदंग टाळकऱ्यांच्या मधोमध असतो, ही सोय आपणही ध्यानात घ्यावी.

येत्या सरावात ढोलकीवादकाने एक कडवे केवळ साध्या ठेक्यावर वाजवावे आणि मागील बाकांवरील म्हाताऱ्या माणसांचे ओठ हलतात की नाही, ते पाहावे. ते हलत असतील, तर लय बरोबर आहे असे समजावे.