लायकोची खोटी वंशावळ

होमिओपॅथीत 'लायको', म्हणजे लायकोपोडियम या वनस्पतीचं औषध, शिकवताना एक गोष्ट हौसेनं सांगितली जाते. ही वनस्पती म्हणे एकेकाळी गगनचुंबी वृक्ष होती, दगडी कोळसा तिच्याच खोडांचा. पुढे ती खुरटली, जमिनीसरपट झाली. म्हणून लायकोचा रोगी घरात दरारा गाजवतो आणि चारचौघांत उभं राहायची वेळ आली की त्याचं अवसान गळतं. गोष्ट झकास आहे, चटकन पाठ होते. फक्त खरी नाही.

कार्बनी युगातले ते वृक्ष, म्हणजे लेपिडोडेंड्रॉन आणि त्याचे भाऊबंद, 30 मीटरहून उंच वाढत हे मान्य. पण त्यांच्या पानाच्या बुडाशी जिभेसारखा इवलासा पापुद्रा असे आणि बीजाणू दोन मापांचे, छोटे नर व मोठे मादी. लायकोपोडियम क्लॅव्हेटमचं पान भिंगाखाली धरा. पापुद्रा नाही. बीजाणूही सगळे एकाच मापाचे. ही दोन्ही लक्षणं आज आढळतात आयसोइटिसमध्ये. त्या महावृक्षांची जवळची नातलग ती, दिसायला गवतासारखी. तिच्या एका जातीला तर आपल्या पाचगणीचंच नाव आहे. लायकोपोडियमचं घराणं ते महावृक्ष उगवण्याआधीच वेगळं निघालं होतं. ते कधी वृक्ष झालंच नाही, मग खुरटणार कुठून?

यावर उत्तर येतं: तपशील चुकला असेल, तत्त्व खरं आहे, एका कुळातल्या औषधांचा स्वभाव सारखाच असतो. मुंबईचे राजन शंकरन, नेदरलँड्सचे यान शोल्टेन यांनी वनस्पतींच्या कुळांवरून औषध निवडण्याच्या पद्धतीच मांडल्या आहेत. पण होमिओपॅथीचा जनक हानेमान याला यात रस नव्हता. 1828 मध्ये त्यानं लायकोपोडियमला 'अँटिसोरिक', म्हणजे जुनाट आजारांच्या मुळाशी असलेल्या 'सोरा' या त्याच्या मते मूळ दोषावरच्या, औषधांत बसवलं, तेव्हा शेजारी होते गंधक, शिंपल्याचा चुना आणि माकुळाची शाई. कुळाचा प्रश्नच नव्हता, लक्षणांवरून वर्गवारी. त्याला गुरू मानायचं आणि वंशावळीवर औषध द्यायचं, हे कसं जमणार? माझी हरकत याहून मोठी आहे. 12 सी पोटन्सीच्या, म्हणजे बारा वेळा शंभरपट पातळ केलेल्या औषधाच्या, पुढे मूळ पदार्थाचा एक रेणूही उरण्याची शक्यता फारशी नसते. 200 पोटन्सीच्या गोळीत वनस्पतीच नाही, तिथे तिचे पूर्वज कुठून येणार?

कुळाचा अभ्यास निरुपयोगी आहे असं नव्हे. लायकोपोडिएसी कुळातल्याच ह्युपर्झिया सेराटामधून चिनी शास्त्रज्ञांनी 1986 साली ह्युपर्झिन ए वेगळं केलं. ते मेंदूतल्या एका विकराला रोखतं, आणि हा परिणाम मोजता येतो. अशी अल्कलॉइडं शोधायची तर कुळ माहीत असलेलं बरं. खुद्द लायकोपोडियमच्या बीजाणूंची पूडही कमी करामती नाही. पाण्यावर पसरून बोट बुडवलं तर ते कोरडं बाहेर येतं. ज्योतीवर फुंकली तर भपकन जाळ होतो. त्याच जाळावर फ्रान्सच्या न्येप्स बंधूंनी 1807 च्या सुमारास इंजिन लावून नाव चालवली होती.

वर्गात सांगायला एवढं पुरेसं आहे. प्राध्यापक मंडळींनी निदान त्या पडलेल्या महावृक्षाला परीक्षेत गुण देणं तेवढं बंद करावं.