बदलून टाका!

माणसाला थरथर सुटली तर डॉक्टर आधी नाडी बघतो, जीभ काढायला लावतो, ‘काल काय खाल्लं होतंत?’ म्हणून विचारतो. ‘माणूस बदलून टाका’ असा सल्ला निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. (आमच्या घरी तो कुणी मनातल्या मनात दिला असल्यास कल्पना नाही.) मोटारीच्या नशिबी मात्र नाडी नाही. तिला थरथर सुटली की गॅरेजवाला बॉनेट न उघडताच म्हणतो, ‘‘साहेब, गिअरबॉक्स गेला. बदलून टाका!’’

या ‘बदलून टाका’ संप्रदायाशी माझा उभा दावा आहे.

त्याचं असं झालं. माझ्या डाव्या गुडघ्याने क्लचशी असहकार पुकारला, म्हणून मी एक वापरलेली ऑटोमॅटिक गाडी घेतली. एका रविवारी जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, साठच्या वेगात, गाडी अचानक थरथरली. टोलनाक्याआधीच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून जावं तशी. पाच-दहा सेकंद, आणि पुन्हा शांत.

‘‘अहो, रस्ता खराब आहे का?’’ सौ.ने विचारलं.

रस्ता उत्तम होता. म्हणून तर मी घाबरलो.

गॅरेजवाल्याने कोपऱ्यापर्यंत एक चक्कर मारली आणि आकडा सांगितला : एक लाख ऐंशी हजार. एवढ्या रकमेच्या चेकवरची सही आम्ही बँकेत दोनदा ताडून बघतो. इथे मात्र रोग कळायच्या आधी बिल तयार!

शेवटी पलीकडच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी मला आधी शिकवलं. दोन पंखे समोरासमोर ठेवा, एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरायला लागतो. वाऱ्याच्या जागी तेल घाला, मधे तेलाची दिशा फिरवणारं आणखी एक चक्र बसवा, की झाला टॉर्क कन्व्हर्टर. हेरमान फ्योटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९०५ साली याचं पेटंट घेतलं, तेही जहाजांसाठी. पण तेलातून शक्ती पाठवताना थोडी सांडतेच आणि पेट्रोल वाया जातं. म्हणून वेग स्थिरावला की दोन्ही पंख्यांना जखडून टाकणारा एक क्लच आत असतो. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीच्या गाडीत तो १९४९ सालीच आला होता. तेल जुनं झालं की हा क्लच धड पकडत नाही आणि धड सोडतही नाही. फळ्यावर खडू कचकच उड्या मारत जातो ना, तसा तो पकडतो-घसरतो, पकडतो-घसरतो. तीच ही थरथर.

‘‘पण ती हीच कशावरून?’’ मी.

‘‘आता कसं विचारलंत!’’ मिस्त्री म्हणाले. ‘‘थरथर सुरू झाली की उजवा पाय आहे तिथेच ठेवा आणि डाव्याने ब्रेकला नुसतं शिवा. दाबू नका. मागचे दिवे लागतील एवढंच.’’

मागेपुढे कुणी नाही असं बघून मी शिवलो. थरथर गपकन थांबली! ब्रेकला पाय लागताच गाडीचा कॉम्प्युटर तो क्लच सोडून देतो. तरीही थरथर चालूच राहिली असती, तर संशय प्लग आणि इग्निशन कॉइलवर. असहकारी डावा पाय अखेर कामाला आला, आणि खर्च शून्य.

मग त्यांनी स्कॅनर लावला. क्लच जखडल्यावर इंजिनाचे फेरे आणि पलीकडच्या पंख्याचे फेरे जवळजवळ सारखे हवेत. आमचे आकडे उड्या मारत होते. तेल काढलं. ते लाल असायला हवं. निघालं तिसऱ्यांदा उकळलेल्या चहासारखं. एका वेळी सगळं तेल निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्येच बसून राहतं. म्हणून मधे मधे गाडी फिरवून तीनदा बदललं. तेही पुस्तिकेत लिहिलेल्या नेमक्या जातीचं. दीड वर्ष झालं, गाडी थरथरलेली नाही.

‘‘पण कंपनी म्हणते तेल लाइफटाइम आहे!’’ असं मला ऐकवण्यात आलं. मी बँकवाला आहे. ‘लाइफटाइम फ्री’ कार्डं मी स्वतः विकली आहेत. कुणाचं लाइफ, हे बारीक अक्षरात असतं. तेल मेलं की गिअरबॉक्स मरतो; म्हणजे तेल गिअरबॉक्सला जन्मभर पुरलंच की!

तेल म्हणजे काही गंगाजल नव्हे, हेही मान्य. क्लचचं अस्तर जळून त्याचा चुरा तेलात उतरला असेल, तर गिअरबॉक्स खाली उतरवून कन्व्हर्टर बदलावाच लागतो. बदलायला माझी ना नाही. न तपासता बदलायला आहे. आमच्या एका निवृत्त सहकाऱ्यांनी प्रॉव्हिडंट फंडातून नवा गिअरबॉक्स घातला. थरथर तशीच. शेवटी निघाली एक इग्निशन कॉइल. ‘आता सगळं नवीन झालं ना!’ असं गॅरेजवाला त्यांनाच वर समजावत होता.

बँकेत चिकटलो तेव्हा आमच्या हेडक्लार्कांनी एक मंत्र दिला होता : हिशेबातल्या फरकाला नऊने पूर्ण भाग गेला, तर कुठेतरी अंकांची अदलाबदल झाली असेल ते आधी बघ. लेजर फाडू नकोस.

परवा एक आजोबा आले. त्यांच्या घरच्या वहीत आणि पासबुकात ३६ रुपयांचा फरक. आमचा तरुण सहकारी स्क्रीनवरून मान न उचलता म्हणाला, ‘‘आजोबा, हे खातं बंद करून नवीन काढा.’’

मी चष्मा लावला आणि वही ओढून घेतली. आजोबांनी ८४ च्या जागी ४८ लिहिले होते.