काकासाठी रकाना नाही

अमेरिकेतल्या काळ्या कुटुंबाविषयी आपल्या विद्यापीठांत चर्चा सुरू झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: बाप कुठे आहे? बाप नाही असं कळलं की घर मोडलेलं आहे हा निकालही तयार असतो. मग त्या घरात कोण आहे, हे कुणी विचारत नाही. मुलाला शाळेतून आणणारा, बहिणीच्या घरभाड्यात आपल्या पगारातले पैसे टाकणारा, पुतण्याला ताप आला की रात्रभर जागणारा विशी-पंचविशीतला मामा किंवा काका त्या चर्चेत येतच नाही. मी समाजशास्त्रात पीएच.डी. करते. कुटुंबावरचं हे सगळं लेखन वाचून माझं मत पक्कं झालं आहे की या तरुणाला मोजायचंच नाही असं ठरवलं गेलं, आणि ते ठरवण्यात ज्ञानाचा, कायद्याचा आणि सरकारचा सारखाच हात होता.

1965 साली अमेरिकेच्या कामगार खात्यातले सहायक सचिव डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी काळ्या कुटुंबावर एक अहवाल लिहिला. जवळपास एक चतुर्थांश काळ्या कुटुंबांच्या प्रमुख स्त्रिया आहेत, ही त्यातली मुख्य चिंता. अहवालात गुलामगिरीचा आणि बेरोजगारीचा उल्लेख आहे, हे मान्य करायला हवं. पण लोकांच्या लक्षात राहिला तो 'विकृतीचा गुंता' हा शब्द. मॉयनिहन स्वतः गोरे होते, त्यांचे वडील ते लहान असतानाच घर सोडून गेले होते आणि त्यांना आईनेच वाढवलं होतं. गोऱ्या घरातली अशी आई एकट्या मुलाच्या यशाची गोष्ट ठरते. काळ्या घरातली तशीच आई एका अख्ख्या समाजाचा आजार ठरते. हेच मॉयनिहन पुढे 1973 ते 1975 या काळात भारतात अमेरिकेचे राजदूत होते. 1971 साली विल्यम रायन यांनी या विचारपद्धतीवर पुस्तकच लिहिलं आणि पीडितालाच दोषी ठरवण्याच्या या सवयीला नाव दिलं.

मोजणीची रीतच बघा. एका छपराखाली किती माणसं आणि त्यांचा प्रमुख कोण, एवढंच आकडेवारी विचारते. पलीकडच्या गल्लीत राहून रोज संध्याकाळी बहिणीच्या घरी येणारा भाऊ त्या तक्त्यात येणार कसा? आणि छपराखाली राहिला तरी त्याची सोय नव्हतीच. याचा पुरावा ओहायो राज्यातल्या ईस्ट क्लीव्हलंड शहराने दिला.

तिथे इनेझ मूर नावाची एक काळी आजी राहत होती. घरात तिचा मुलगा, त्या मुलाचा मुलगा आणि दुसऱ्या मुलाकडून झालेला एक नातू. या नातवाची आई वारली आणि तो आजीकडे, काकाकडे आणि चुलत भावाकडे राहायला आला. आपल्या भाषेत हे भरलेलं घर. पण शहराच्या नियमात 'कुटुंब' या शब्दाची व्याख्या इतकी अरुंद होती की हे नातू एकमेकांचे सख्खे भाऊ नसून चुलत भाऊ आहेत, एवढ्याच कारणाने तो पोरका मुलगा त्या घरातला बेकायदा रहिवासी ठरला. 1973 मध्ये आजीला नोटीस आली. तिने नातवाला घराबाहेर काढलं नाही, म्हणून तिला पाच दिवस तुरुंग आणि पंचवीस डॉलर दंड अशी शिक्षा झाली.

1977 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो नियम मोडीत काढला. या नियमाखाली वयात आलेले भाऊ-बहीण एका घरात राहू शकत नाहीत, याकडे न्यायमूर्ती पॉवेल यांनी बोट दाखवलं. म्हणजे मुलं घेऊन एकटी पडलेली बहीण आणि तिला आधार द्यायला आलेला भाऊ, हे घरच बेकायदा! न्यायमूर्ती ब्रेनन यांनी वेगळं मत लिहून सांगितलं की आई-बाप आणि मुलं एवढंच कुटुंब हा गोऱ्या उपनगरांचा नमुना आहे आणि तो इतरांवर लादता येणार नाही. थर्गूड मार्शल यांनी या मताला साथ दिली. ईस्ट क्लीव्हलंड त्या वेळी बहुसंख्येने काळं शहर होतं, कारभारीही काळेच होते, हे विसरू नका. वरच्यांची व्याख्या खालचेही उचलतात, आणि उचलली की आपल्यातल्याच गरिबाला तिच्यावर मोजतात. हे आपल्याला नवीन नाही.

सरकारी मदतीची गोष्ट याहून वाईट. अलाबामा राज्याने 1964 मध्ये नियम केला की आईचे एखाद्या पुरुषाशी संबंध असतील तर तो मुलांचा 'पर्यायी बाप' समजायचा आणि मुलांची मदत बंद करायची. त्या पुरुषाने एक पैसा दिला नाही तरी चालेल. सेल्मा गावातल्या चार मुलांच्या एका विधवेची मदत अशीच तोडली गेली. 1964 ते 1967 या काळात राज्यातल्या मदतीच्या यादीतून सुमारे सोळा हजार मुलं कमी झाली. 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाही नियम रद्द केला. पण जिथे दारात पुरुषाची चप्पल दिसली की मुलांचा घास जाणार, तिथे घरात येणारा कोणताही पुरुष संशयाचाच. आधी राज्याने पुरुषाला घराबाहेर काढलं, मग विद्वानांनी विचारलं, पुरुष कुठे आहे?

1986 च्या कायद्याने या गोष्टीत तुरुंगाची भर घातली. पाच ग्रॅम क्रॅक सापडला तर जी किमान पाच वर्षांची शिक्षा, तीच शिक्षा कोकेनच्या पावडरीला लागायला पाचशे ग्रॅम लागत. क्रॅकसाठी शिक्षा झालेल्यांत बहुसंख्य काळे होते. 2010 पर्यंत हे प्रमाण तसंच राहिलं. गेलेला प्रत्येक तरुण कुणाचा तरी बापच होता असं नाही. कुणाचा मामा होता, कुणाचा काका होता. त्यांच्या जाण्याने किती मुलांचा आधार गेला हे मोजायला आकडाच नाही, कारण ते असतानाही त्यांना मोजलं गेलं नव्हतं.

1960 च्या दशकाच्या शेवटी कॅरल स्टॅक ही गोरी मानववंशशास्त्रज्ञ एका काळ्या वस्तीत राहिली. तिचं पुस्तक 1974 मध्ये आलं. मोडलेलं घर म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवलं जात होतं, तिथे तिला अनेक घरांत पसरलेलं देण्याघेण्याचं जाळं दिसलं. पैसे, कपडे, अन्न, मुलं सांभाळणं, सगळं फिरतं. हे जाळं मुख्यतः बायकांच्या कष्टावर चालायचं, पण त्यात भाऊही होते, मामेही होते. याच पुस्तकातलं एक जोडपं मी विसरू शकत नाही. मिसिसिपीतल्या एका नातलगाने मरताना ठेवलेले दीड हजार डॉलर त्यांच्या हातात आले. त्यांना घर घ्यायचं होतं. कल्याण कार्यालयाला बातमी लागली आणि मुलांची मदत बंद झाली. नात्यातल्या गरजाही दारात उभ्या राहिल्या. दीड महिन्याच्या आत पैसे संपले.

या जोडप्याची गोष्ट मी सांगते ती दुसऱ्या एका मंडळींसाठी. ही मंडळी आपल्या बाजूची वाटतात. ती म्हणतात, वा, काय ही चिवट माणसं, काय हा नात्यांचा आधार! काकाच्या त्यागावर त्यांचे निबंध येतात. पण वीस वर्षांच्या मुलाने शिक्षण सोडून पुतण्याचं दूध आणावं, हा गौरवाचा विषय कसा? त्याला पर्याय काय होता? कौतुक करणाऱ्याला सरकारकडून काही मागावं लागत नाही, ही त्या कौतुकाची सोय आहे. विकृती म्हणणारे काकाला पाहत नाहीत. चिवटपणा म्हणणारे पाहतात, पण त्याची किंमत विचारत नाहीत.

वर्ण आणि जात एक नाहीत, तिथला इतिहास जसाच्या तसा इथे चिकटवता येत नाही. पण मोजणारी नजर ओळखीची आहे. आपल्या आयकर कायद्यात 'अविभक्त हिंदू कुटुंब' हा स्वतंत्र करदाता आहे. मालमत्ता असलेल्या घरातले काका-पुतणे एकत्र असले की कायदा त्यांना ओळखतो आणि संस्कृतीवाले त्याला थोर परंपरा म्हणतात. वस्तीतल्या एका खोलीत आई, मुलं आणि आईचा धाकटा भाऊ राहिला की तीच 'गर्दी', तेच 'विस्कळीत घर'. माझ्या मामाने एकविसाव्या वर्षी आयटीआय अर्धवट सोडून गोदामात काम धरलं आणि माझ्या होस्टेलची फी भरली. शिष्यवृत्तीच्या अर्जावर त्याच्यासाठी रकाना नव्हता. वडिलांच्या मृत्यूचा दाखला जोडलेला असूनही खिडकीमागच्या माणसाने तीन वेळा वडिलांच्या सहीबद्दल विचारलं. मामा शेजारीच उभा होता.

म्हणून काळ्या कुटुंबावर बोलताना बापाच्या रिकाम्या खुर्चीपासून सुरुवात करणं आपण तरी थांबवावं. घर कोण चालवतं, त्यासाठी त्याने काय सोडलं आणि ते सोडावं लागलं ते कुणाच्या धोरणामुळे, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. आणि आपल्या अर्जांवर, आपल्या सर्वेक्षणांत, आपल्या प्रबंधांत त्या मामा-काकाच्या नावाला जागा मागावी, त्याच्या सुटलेल्या शिक्षणासाठी परत दार उघडायला सांगावं. मामा आज चाळिशीत आहे. त्याचा आयटीआयचा तो कोर्स अजून अपुराच आहे.