खरखर कुठून येते?

हत्यारपेटी : खटपट्या

गणपती जवळ आले की होटगीत अडगळीतले अ‍ॅम्प्लिफायर बाहेर निघतात आणि तक्रार एकच: आवाज वाढवायला गेलं की खर्र खर्र. उपायही ठरलेला. शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब नॉबच्या दांडीतून सोडायचे. खरखर थांबते, मंडळ खूश. पुढच्या वर्षी ती जोरात परतते, ती याच थेंबांमुळे.

व्हॉल्यूम कंट्रोलच्या, म्हणजे पॉटच्या, पोटात घोड्याच्या नालासारखी कार्बनची पट्टी असते, तिच्यावरून धातूची पातळ जीभ फिरते. मध्ये धूळ आली की जीभ क्षणभर उचलली जाते आणि स्पीकर ते ओरडून सांगतो. तेलानं धूळ निघत नाही, भिजते. आमच्या काळ्या मातीची बारीक धूळ तेलात बसली की आत चिखलच. खोबरेल तर २४ अंशांच्या आसपास थिजतं. रॉकेलबद्दल न बोललेलं बरं.

कॉन्टॅक्ट क्लीनर आणा. प्लग काढा, तीन पाय बाहेर येतात त्या फटीतून थोडा फवारा आत सोडा, नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवा, पूर्ण वाळू द्या. दांडीतून मारू नका. नॉबला जडपणा देणारं घट्ट ग्रीस धुऊन जातं.

पण त्याआधी कान द्या. खरखर एकाच जागी असेल तर पट्टी तिथं मळलीय किंवा झिजलीय. झिजलेला कार्बन कुठलाही फवारा भरून देत नाही, पॉट बदला. बदलताना लॉग पॉटच मागा. लिनियर बसवलात तर सुरुवातीच्या जराशा फिरवण्यातच सगळा आवाज अंगावर येतो. खरखर सगळीकडे सारखी असेल तर मात्र संशय मागच्या कपॅसिटरवर घ्या. तो गळू लागला की डीसी पट्टीवर उतरतो, मग कोरा पॉटही खरखरतो. हे न तपासता पॉटमागून पॉट बदलणारे कारागीर कमी नाहीत.

स्विचचं दुखणं वेगळं. चांदीचा मुलामा हवेतल्या गंधकानं काळा पडतो. फवारा मारून स्विच भराभर चालू-बंद करा, पण पॉलिशपेपर नको. काळेपणाबरोबर चांदीही जाते. रेल्वेच्या सिग्नलमधले रिले पाहा. पारदर्शक झाकणाखाली बंद असतात, काही जातींत तर चांदीसमोर कार्बनचा संपर्क ठेवतात, म्हणजे ठिणगीनं दोन्ही चिकटू नयेत. तिथं कुणी तेलाची बुधली घेऊन जात नाही.

मिक्सरवाल्यांना एक जादा सूचना. फेडरची खाच वरून उघडी, आणि मिरवणुकीत गुलाल. तो आधी कोरड्या ब्रशनं काढा, मगच फवारा. डब्यावर ‘प्लास्टिकला सुरक्षित’ असं लिहिलंय का, तेवढं दुकानातच वाचून घ्या.