कलमे पाठ, नागरिक गैरहजर

सायबर कायदा हा विषय आपल्या विद्यापीठांत आला तो गुन्ह्याचे बोट धरून. २००० साली माहिती तंत्रज्ञान अधिनियम झाला आणि हॅकिंग म्हणजे काय, कोणत्या कलमाखाली किती वर्षांची शिक्षा, या यादीलाच विषय समजण्याची रूढी पडली. खाजगीपणाचा हक्क येतो तो यादीच्या शेवटी, वेळ उरलाच तर उरकायचे परिशिष्ट म्हणून. आमचा आक्षेप या क्रमालाच आहे. ज्या विषयाच्या केंद्रस्थानी नागरिक असावयास हवा, तेथे आरोपी आणि फौजदार ठाण मांडून बसले आहेत.

हा केवळ अध्यापनपद्धतीचा वाद नव्हे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी एकीने फेसबुकवर मत मांडले, दुसरीने ते 'लाइक' केले, अपराध एवढाच. लावलेल्या कलमांत ६६-अ होते. श्रेया सिंघल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते कलम समूळ रद्द केले. तरीही त्याखाली गुन्हे नोंदले जातच राहिले. जुलै २०२१ मध्ये ही गोष्ट पुढे आली तेव्हा न्यायालयही चकित झाले. सरकार पक्षाचा खुलासा असा की, छापील अधिनियमात कलम तसेच आहे, रद्द झाल्याची नोंद तळटिपेत आहे! अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये, या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये, असे न्यायालयास पुन्हा बजावावे लागले.

ठाणे अंमलदारास तळटीप दिसली नाही, हे एकवेळ समजू. पण दोषारोपपत्र पाहणारे सरकारी वकील आणि त्याची दखल घेणारे दंडाधिकारी तर विधी महाविद्यालयांतूनच बाहेर पडतात ना? कलम पाठ करविले आणि ते का कोसळले हे शिकविले नाही, की मेलेले कलमही माणसांना कोठडी दाखवू शकते.

खाजगीपणाचा हक्क सरकारने आपखुशीने दिलेला नाही. तो मूलभूत हक्कच नव्हे, असा युक्तिवाद खुद्द केंद्र सरकारने केला होता. १९५४ आणि १९६२ च्या निकालांचा आधार घेऊन. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी तो एकमताने फेटाळला. हा झगडा ठाऊक नसलेला विद्यार्थी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम वाचून काय समजणार? नावात 'संरक्षण' आहे, एवढेच.

वस्तुतः दोन कायदे शेजारी ठेवून वाचले तर डोळे उघडतात. जुन्या अधिनियमाच्या ४३-अ कलमाने संवेदनशील माहिती निष्काळजीपणे हाताळणाऱ्या कंपनीवर पीडिताला भरपाई देण्याची जबाबदारी टाकली. नवा कायदा ते कलम वगळण्याची तरतूद करतो. त्याचा दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जातो खरा. पण तो जमा होतो भारताच्या संचित निधीत. ज्याची माहिती फुटली त्याच्या हाती काय? उलट खोटी वा क्षुल्लक तक्रार केल्यास त्यालाच दहा हजारांपर्यंत दंड! शासकीय यंत्रणांना मात्र अधिसूचना काढून कायद्याबाहेर ठेवता येते. याच कायद्याने माहितीच्या अधिकारातील कलम ८(१)(ञ) बदलून वैयक्तिक माहिती सरसकट नाकारण्याची वाट मोकळी केली. व्यापक लोकहिताचे कलम ८(२) शिल्लक आहे. पण ते हक्काने मागणारा वकील घडवायचा कोणी? खाजगीपणा ही नागरिकाची ढाल. ती अधिकाऱ्याने पाठीशी बांधावी, यावर वर्गात वाद व्हावयास नको काय?

यावर उत्तर ठरलेले असते: मुलांना नोकऱ्या हव्यात, फसवणुकीचे गुन्हे वाढताहेत, तत्त्वचर्चा कशाला? पण गुन्हा शाबीत करण्यासही यादी पुरत नाही. जालना मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तो चित्रफितींच्या पुराव्यावरून. मूळ उपकरण हजर नसेल तर पुरावा कायद्याच्या ६५-ब कलमाखालील प्रमाणपत्र आवश्यक, हे १४ जुलै २०२० च्या निकालाने पक्के केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ही तरतूद कलम ६३ मध्ये आली. ज्याने केवळ क्रमांक घोकला, त्याची विद्या त्या दिवशी शिळी झाली; ज्याने प्रमाणपत्रामागचे कारण जाणले, त्याला नवा क्रमांक शोधण्यास दोन मिनिटे पुरतात.

म्हणून आमची मागणी साधी आहे. अभ्यासक्रमाचा आरंभ पुट्टस्वामी निकालापासून व्हावा, गुन्ह्यांची यादी त्यानंतर यावी. निकाल मुळातून वाचावेत, मार्गदर्शकातून नव्हे. आणि माहिती फुटलेल्या एखाद्या सामान्य माणसाची तक्रार स्वच्छ मराठीत लिहून दाखविल्याशिवाय कोणास या विषयात उत्तीर्ण करू नये. पहिल्याच परीक्षेत किती जण नापास होतील, याची आम्हांस कल्पना आहे. ते नापास होणे, ठाण्यात आणखी एका निरपराध्याने बसण्यापेक्षा स्वस्त आहे.