खुजे तिवर आणि वारशाचा प्रश्न

मानखुर्दहून वाशीला येताना गाडी खाडीच्या पुलावर चढली की खिडकीबाहेर नजर टाका. पाण्याच्या कडेला तिवराची झाडे चांगली उंच वाढतात. तीच जात आतल्या बाजूला, जिथे भरतीचे पाणी क्वचितच पोहोचते आणि उन्हाने जमिनीवर मीठ साचते, तिथे खुजे झुडूप होऊन राहते. ह्या झुडपाचे बी पाण्याच्या कडेला रुजवले तर त्याचे झाड उंच होईल, की खुजेच राहील?

पाठ्यपुस्तकाचे उत्तर ठरलेले आहे. खुजेपणा खाऱ्या मातीमुळे आला असेल तर तो पुढच्या पिढीत उतरत नाही. जनुकांमुळे आला असेल तर उतरतो. माझ्या मते ह्या दोन कप्प्यांच्या जोडीला तिसरा कप्पा शिकवण्याची वेळ केव्हाच आली आहे.

१७४२ साली स्वीडनमध्ये एका विद्यार्थ्याला लिनॅरिया ह्या रानफुलाचे एक चमत्कारिक रोप सापडले. नेहमीच्या फुलाला शेपटीसारखी एक नळी असते. ह्याच्या फुलाला पाच होत्या. कार्ल लिनियसने १७४४ साली त्याला ‘पेलोरिया’ म्हणजे राक्षसी असे नाव दिले. त्याचे रहस्य उलगडले ते १९९९ साली, इंग्लंडमध्ये. कुबास, व्हिन्सेंट व कोएन ह्यांना असे आढळले की, फुलाचा आकार ठरवणारे जनुक मोडलेले नव्हतेच. त्यावर मेथिल गट दाटीने चिकटल्यामुळे ते मुके झाले होते. पोथीतला मजकूर तसाच, पण पानावर ‘हे वाचू नये’ अशी चिठ्ठी डकवलेली! ही चिठ्ठी बियांतून पुढे जाते. क्वचित ती गळून पडते, आणि त्याच रोपावर जवळजवळ नेहमीसारखी फुले येतात. सस्तन प्राण्यांत अशा बहुतेक चिठ्ठ्या दर पिढीला पुसल्या जातात; वनस्पतींत पुष्कळशा टिकतात.

खारफुटीतही चिठ्ठ्या सापडल्या आहेत. ब्राझीलच्या किनाऱ्यावरील एका जातीची नदीकाठची उंच झाडे आणि खारट दलदलीतली झुडपे २०१० साली तपासली गेली. दोन्हींच्या डीएनएच्या अक्षरांत फरक थोडा, मेथिल गटांच्या मांडणीत मात्र पुष्कळ निघाला.

एवढ्यावरून काही जण ‘लामार्क खरा ठरला’ असे म्हणू लागतात. ही घाई मला पसंत नाही. ब्राझीलमध्ये उभी झाडे तपासली गेली. त्यांची संतती नव्हे. मी भौतिकशास्त्र शिकवतो (वनस्पतिशास्त्राचे सहकारी ही लुडबुड माफ करतील अशी आशा आहे). लंबकाच्या प्रयोगात आम्ही लांबी बदलतो तेव्हा बाकी काही हलवत नाही. इथेही तसेच हवे. दोन्हीकडचे बी एकाच मातीत, एकाच पाण्यावर वाढवायचे. त्यातही एक मेख आहे. तिवराचा गर्भ फळात असतानाच, झाडावरच वाढू लागतो. म्हणजे आईने शोषलेल्या खारट पाण्याचा परिणाम त्याच्यावर आधीच होऊ शकतो. म्हणून पहिल्या पिढीवरून निकाल देता येत नाही. त्या रोपांना फळे धरून दुसरी पिढी उभी राहीपर्यंत थांबावे लागते. ह्याला वर्षे लागतील. लागू देत.

पण लागवड तोवर थांबत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली सार्वजनिक हिताचे काम सोडून खारफुटी तोडण्यास बंदी केली. तशा कामासाठी तोड झाली की ‘इतकी तोडली, इतकी लावू’ असा हिशेब मांडला जातो. हा हिशेब मला अपुरा वाटतो. झाड खाडीच्या तोंडचे होते की खारवटलेल्या जमिनीतले, हे त्यात कुठेच येत नाही. वारशाचा निकाल काहीही लागो, आजच करण्याजोगी गोष्ट ही की, जशा जमिनीत लावायचे तशाच जमिनीतल्या झाडांचे बी घ्यावे आणि ते कोठून आणले ह्याची नोंद रोपवाटिकेत ठेवावी. त्याला एक वही पुरते.